टेक, झीटेक, लुआटेक की टाइपस्ट : डेटा टाइप आणि क्षमतेच्या मर्यादांचा तुलनात्मक आढावा

हजारो पानांचे दस्तऐवज यंत्राकडून आपोआप जुळवून घ्यायचे असोत, किंवा एखाद्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामच्या सोर्स कोडमध्ये स्वतःची भर घालायची असो, दोन्ही प्रसंगी निवड करणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की कोणत्या इंजिनाच्या मर्यादा सर्वांत मोठ्या आहेत. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे, कारण मर्यादेच्या आकड्यापेक्षा ती मर्यादा कोठून आली हे अधिक निर्णायक असते. काही मर्यादा डेटा टाइपच्या (माहिती साठवण्याच्या प्रकाराच्या) बिटांमध्येच कोरलेल्या असतात, आणि सोर्स कोड खोलवर बदलल्याखेरीज त्या हलत नाहीत. काही मर्यादा म्हणजे आधी जाहीर केलेल्या ॲरेची (सलग स्मृतिकप्प्यांच्या यादीची) लांबी, जी सेटिंगच्या फाइलमधून वाढवता येते. उरलेल्या मर्यादा एक तर यंत्राच्या रॅमवर अवलंबून असतात, किंवा लेखकाने संरक्षणासाठी मुद्दाम घातलेल्या असतात. टेक (आणि त्याचे थेट पीडीएफ बनवणारे आजचे रूप पीडीएफटेक), झीटेक, लुआटेक व टाइपस्ट हे अक्षरजुळणीचे चार पर्याय खाली याच कसोटीवर तपासले आहेत.

सुरुवात लांबीच्या डेटा टाइपपासून करावी लागते, कारण अक्षरजुळणी म्हणजे शेवटी लांब्यांची बेरीज-वजाबाकी आहे. डोनाल्ड कनूथ यांच्या टेकमध्ये लांबी अपूर्णांकात साठवली जात नाही. ती 'स्केल्ड' या पूर्णांक प्रकारात, म्हणजे स्केल्ड पॉइंटांत मोजली जाते, आणि एका पॉइंटात असे 65536 स्केल्ड पॉइंट असतात. टेकच्या पॉइंटांत एक इंच 72.27 पॉइंटांचा असल्यामुळे हे सर्वांत लहान माप साडेपाच नॅनोमीटरच्याही आत बसते, तेव्हा छपाईसाठी सूक्ष्मता कमी पडण्याची शक्यता नाही. वरची मर्यादा मात्र 2³⁰−1 स्केल्ड पॉइंट, म्हणजे 16383.99998 पॉइंट इतकी आहे, जी अंतरात सुमारे पावणेसहा मीटर भरते. कागदासाठी हे भरपूर आहे, पण मॅक्रो (स्वतः रचलेल्या आज्ञा) लिहिणारे लोक लांबीची रजिस्टरे (मूल्ये ठेवण्याचे कप्पे) सर्वसाधारण गणितासाठी वापरतात आणि तेथेच 'डायमेन्शन टू लार्ज' हा संदेश येतो. आलेख काढणाऱ्या पॅकेजांचे वापरकर्ते या संदेशाला चांगले ओळखतात, कारण मधल्या पायरीतला एखादा वर्ग किंवा गुणाकार सोळा हजारांच्या पलीकडे सहज जातो.

या पूर्णांक निवडीमागचा हेतू स्पष्ट आहे. तोच दस्तऐवज कोणत्याही यंत्रावर जुळवला तरी ओळी त्याच ठिकाणी तुटल्या पाहिजेत, आणि त्या काळात फ्लोटिंग पॉइंटचे, म्हणजे अपूर्णांकांचे, गणित यंत्रागणिक वेगळे होते. म्हणून टेकमध्ये फ्लोटिंग पॉइंट फक्त एका जागी आढळतो. ओळ ताणताना किंवा आवळताना जे 'ग्लू'चे (शब्दांमधल्या लवचीक जागेचे) गुणोत्तर लागते तेवढेच अपूर्णांकात ठेवले आहे, आणि त्याचा परिणाम ओळी कोठे तुटतात या निर्णयापर्यंत पोहोचत नाही. ओळीचा 'बॅडनेस', म्हणजे ती किती वाईट ताणली वा आवळली गेली याचे माप, हासुद्धा पूर्णांकातच काढला जातो आणि तो 10000 वर थांबवला जातो. एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. लांब्यांची बेरीज किंवा वजाबाकी करताना ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर मर्यादेबाहेर जाणे, तपासलेला नाही आणि तसे सोर्स कोडच्या निवेदनात उघडपणे लिहिलेले आहे, कारण ती शक्यता फारच दूरची मानली गेली. आपोआप तयार होणाऱ्या अवाढव्य चौकटींच्या बाबतीत ही शक्यता तितकी दूरची राहत नाही.

दुसरा पायाभूत प्रकार म्हणजे 'मेमरी वर्ड'. एकाच शब्दात कधी पूर्णांक, कधी ग्लूचे गुणोत्तर, कधी दोन 'हाफवर्ड', तर कधी चार 'क्वार्टरवर्ड' ठेवायचे, ही ती रचना आहे, आणि नोड (अक्षर, जागा, चौकट असे मांडणीचे घटक) व टोकन (इनपुटमधील अक्षरे व आज्ञा यांचे तुकडे) यांची जवळजवळ सगळी इमारत या शब्दांच्या 'मेम' नावाच्या एकाच मोठ्या ॲरेवर उभी आहे. पॉइंटर म्हणजे या ॲरेतील क्रमांक असतो आणि तो हाफवर्डमध्ये बसावा लागतो, त्यामुळे हाफवर्डची रुंदी हीच संपूर्ण स्मृतीची अंतिम सीमा ठरते. कनूथ यांच्या मूळ प्रतीत क्वार्टरवर्ड 0 ते 255 आणि हाफवर्ड 0 ते 65535 असा धरलेला होता, आणि मेम ॲरेची कमाल मर्यादा 30000 होती. त्याच यादीत इनपुटच्या ओळीसाठी 500, फॉन्टसाठी 75, स्ट्रिंगसाठी 3000 आणि स्ट्रिंगमधील अक्षरांच्या साठ्यासाठी 32000 असे आकडे दिसतात. आज ते किरकोळ वाटतात, परंतु ते बदलण्यासाठीच एका जागी लिहिले होते.

आजच्या टेक लाइव्ह वितरणात पीडीएफटेक चालवले की मेम ॲरे साधारणपणे 5000000 शब्दांचा, ओळीचा बफर 200000 चा आणि फॉन्टांची मर्यादा 9000 ची मिळते. हे आकडे सेटिंगच्या फाइलमधून वाढवता येतात, मात्र मुख्य स्मृतीचा आकडा बदलल्यावर फॉर्मॅट (आधी वाचून साठवलेल्या मॅक्रोंची फाइल) पुन्हा तयार करावे लागते. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'कपॅसिटी एक्सीडेड' हा संदेश आला की लगेच आकडे वाढवण्याची घाई केली जाते, पण संदेशातील कंसात 'इनपुट स्टॅक साइझ' असे नाव असेल तर बहुतेक वेळा ॲरे लहान नसतो, तर एखादा मॅक्रो स्वतःलाच अखंड हाक मारत असतो. अशा वेळी मर्यादा वाढवली तर चूक फक्त उशिरा कळते.

न हलणाऱ्या मर्यादा पीडीएफटेकमध्येही आहेत. एकात एक येणाऱ्या कंसांच्या गटांची खोली 255 च्या पुढे जात नाही, कारण पातळीचा क्रमांक क्वार्टरवर्डमध्ये ठेवला जातो. गणिताच्या फॉन्टांची कुटुंबे 16, आणि लिहिण्यासाठी एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलीही 16 इतक्याच असतात. अनुक्रमणिका, सूची, संदर्भ आणि शब्दार्थ अशी अनेक पॅकेजे एकत्र आली की ही शेवटची मर्यादा सर्वांत आधी बोचते. रजिस्टरांचे दुखणे मात्र बरेच दूर झाले आहे. मूळ टेकमध्ये प्रत्येक प्रकारची 256 रजिस्टरे होती, ई-टेकच्या विस्तारांनी ती 32768 केली, आणि हे विस्तार पीडीएफटेक व झीटेक या दोहोंत आहेत. पहिली 256 सलग ॲरेमध्ये आणि उरलेली लागतील तशी झाडासारख्या विरळ रचनेत साठवल्यामुळे न वापरलेल्या रजिस्टरांचा भार स्मृतीवर पडत नाही.

झीटेकने याच पायावर अक्षराचा डेटा टाइप बदलला. जोनाथन क्यू यांनी 2004 मध्ये ते प्रथम मॅकसाठी प्रसिद्ध केले. पीडीएफटेकमध्ये अक्षर 8 बिटांचे असते, त्यामुळे युनिकोड मजकूर मॅक्रोंच्या साहाय्याने बाइट-बाइट करून उलगडावा लागतो. झीटेकमध्ये युनिकोडची पूर्ण व्याप्ती मिळते, स्ट्रिंग आतमध्ये यूटीएफ-16 या रूपात राहतात, आणि क्वार्टरवर्ड 16 बिटांचा झाल्यामुळे गटांच्या खोलीची 255 ची भिंतही मागे सरकते. देवनागरी किंवा अरबी यांसारख्या लिपींत एका अक्षराला एक ग्लिफ (फॉन्टमधील आकृती) असे नाते नसते, म्हणून संपूर्ण शब्द एकाच विशेष नोडमध्ये ठेवून तो हार्फबझ या लायब्ररीकडे आकार देण्यासाठी सोपवला जातो. ग्लिफांची ही माहिती मेम ॲरेच्या बाहेर स्वतंत्र स्मृतीत जाते. मेम ॲरे स्वतः मात्र अजूनही ठराविक लांबीचाच आहे, आणि लिहिण्याच्या फाइलींची 16 ची अडचणही तशीच राहते. थोडक्यात, लिपीची अडचण असेल तर झीटेक पुरेसे आहे, पण आकाराची अडचण असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही.

लुआटेकचा फरक अधिक खोलवरचा आहे. 2016 मध्ये 1.0 आवृत्तीपर्यंत पोहोचलेल्या या इंजिनात मूळ पास्कल सोडून सी भाषा स्वीकारली आहे, आणि एकमेव मेम ॲरे फोडून टोकनांसाठी एक व नोडांसाठी एक असे दोन वेगळे ॲरे केले आहेत, जे गरजेप्रमाणे वाढत जातात. त्यामुळे मुख्य स्मृतीविषयीच्या सेटिंग्जना येथे अर्थच उरत नाही आणि खरी सीमा रॅमची असते. रजिस्टरे 65536, गणिताची कुटुंबे 256 आणि लिहिण्याच्या फाइली 128 पर्यंत मिळतात. नोड दोन्ही दिशांनी जोडलेले असतात आणि लुआतून, म्हणजे इंजिनात अंतर्भूत असलेल्या लुआ या प्रोग्रामिंग भाषेतून, वाचता किंवा बदलता येतात, जे सोर्स कोडला हात न लावता इंजिनाचे वर्तन बदलू इच्छिणाऱ्यास फार मोलाचे आहे. लांबीचा प्रकार मात्र तोच स्केल्ड आणि वरची मर्यादाही तीच राहिली. पण वर सांगितलेले मधले गणित आता लुआच्या संख्यांत करून फक्त अंतिम उत्तर लांबीत आणता येते, आणि माझ्या दृष्टीने आलेख किंवा मोजमापे असलेल्या कामासाठी हाच त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. किंमत वेगात मोजावी लागते. साध्या मजकुरावर पीडीएफटेक स्पष्टपणे वेगवान ठरते, आणि मोठे ओपनटाइप फॉन्ट लुआटेकमध्ये बरीच स्मृती घेतात.

टाइपस्ट या कुळाबाहेरचे आहे. 2023 मध्ये सोर्स कोडसह खुला झालेला हा प्रोग्राम रस्ट भाषेत लिहिलेला आहे. येथे लांबी 64 बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये असते, आणि भाषेतील 'लेंग्थ' हा प्रकार एक निरपेक्ष भाग व फॉन्टच्या आकारावर अवलंबून असलेला 'एम' भाग अशी जोडी असतो. प्रमाण, उरलेल्या जागेचा वाटा आणि लांबी यांना वेगवेगळे प्रकार दिल्यामुळे टेकमध्ये अगदी शेवटी उमगणारी चूक येथे संकलनातच पकडली जाते. पावणेसहा मीटरची भिंत नाही, पूर्णांक 64 बिटांचे आहेत, आणि मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे. मात्र फ्लोटिंग पॉइंटमुळे दोन लांब्यांची तुलना थोडी सूट ठेवूनच करावी लागते, आणि इंजिनाच्या आतही मजकूर जागेत मावतो का हे तसेच तपासले जाते. येथील ठळक मर्यादा संरक्षणाच्या स्वरूपाच्या आहेत. एखादे 'व्हाइल' लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारे) 10000 फेऱ्यांच्या पुढे गेले तर ते अनंत असल्याचे समजून थांबवले जाते, आणि मांडणी 5 प्रयत्नांत स्थिर झाली नाही तर तसा इशारा मिळतो. दुसरा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पान क्रमांकांवर अवलंबून असलेला मजकूर स्वतःच पानांची संख्या बदलत असेल तर रॅम कितीही वाढवली तरी हा इशारा जात नाही.

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे जमलेले लाटेकचे (टेकवर उभारलेल्या मॅक्रोसंचाचे) साचे आहेत आणि मजकूर लॅटिन लिपीत आहे, त्यांनी पीडीएफटेकवरच राहून फक्त सेटिंगमधील आकडे वाढवणे शहाणपणाचे आहे. स्मृती किंवा लिहिण्याच्या फाइली खरोखरच संपत असतील, तर झीटेकचा विचार न करता सरळ लुआटेककडे वळावे. सोर्स कोड समजून घ्यायचा असेल तर मात्र माझा सल्ला उलट दिशेचा आहे. कनूथ यांचा 'वेब' या त्यांच्या कोड-आणि-निवेदन एकत्र लिहिण्याच्या पद्धतीतला मूळ प्रोग्राम आधी वाचावा, कारण नोडांची आणि हाफवर्डांची तीच मांडणी पुढच्या दोन्ही इंजिनांत बदललेल्या रूपात सापडते, तर टाइपस्टचा रस्ट कोड वाचायला त्या ज्ञानाची गरज पडत नाही. नव्याने सुरू होणाऱ्या, जुन्या पॅकेजांचे ओझे नसलेल्या प्रकल्पासाठी टाइपस्ट घ्यायला हरकत नाही, फक्त ओळी तुटण्याचे निकाल दशकानंतरही हुबेहूब तेच हवे असतील तर पूर्णांक गणितावर उभे असलेले इंजिन निवडावे आणि फॉन्टांसह त्याची नेमकी आवृत्ती दस्तऐवजासोबत जपून ठेवावी.