हायपर-व्ही चालू ठेवून की बंद करून? जुनं एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणाऱ्यांसाठी

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मशीनच्या सर्व्हिसला जाणाऱ्या कुणाचाही लॅपटॉप उघडा, त्यात व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरातल्या कॉम्प्युटरात, ठेवलेलं एखादं विंडोज एक्सपी सापडण्याची शक्यता बरीच. पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, जुनं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसत नाही. कंट्रोलर मात्र ठणठणीत चालू आहेत, आणि चालणारी वस्तू बदलायला मालक तयार नसतो. त्यात त्याचं काही चुकतही नाही. मग नवा लॅपटॉप येतो, त्यावर विंडोज ११ असतं, एक्सपीची तीच जुनी फाइल आपण त्यावर उघडतो, आणि जुन्या लॅपटॉपवर पळणारं एक्सपी इथे रखडायला लागतं.

वडोदऱ्यात आमच्या धंद्यातले लोक हल्ली हेच विचारतात: व्हर्च्युअलबॉक्स टाकू की व्हीएमवेअर? दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअर. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा तळाचा थर (हायपरव्हायजर), चालू ठेवायचा आणि त्याच्यामार्फत काम करायचं, की त्याला बाजूला करून प्रोसेसरची व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन थेट चालवण्याची, सोय आपल्या सॉफ्टवेअरला थेट द्यायची. दोन्ही प्रकारे मी बरंच काम केलं आहे आणि माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. ते कुठल्या, हे पुढे दिसेलच.

पूर्वी निवड नव्हतीच. हायपर-व्ही चालू असला की बाकीच्यांची दारं बंद. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म आला आणि इतरांना हायपर-व्हीच्या मार्फत काम करून घेण्याची सोय झाली. व्हर्च्युअलबॉक्सने त्याच वर्षाच्या शेवटी ६.० मध्ये हायपर-व्हीचा आधार घ्यायला सुरुवात केली, व्हीएमवेअर वर्कस्टेशनने २०२० मध्ये १५.५.५ पासून. म्हणजे आज दोघंही दोन्ही मोडमध्ये चालतात. सोय मोठी आहे, आणि माझा वैतागही नेमका इथूनच सुरू होतो.

वैताग असा की आपण कुठल्या मोडमध्ये आहोत हे आपल्याला कुणी धड सांगत नाही.

लॅपटॉपवर प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारा डॉकर टाकला, विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ टाकलं, विंडोजच्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा चालू झाली, यातलं काहीही घडलं की पुढच्या रीस्टार्टला हायपर-व्ही खाली येऊन बसतो. हायपर-व्ही हे नाव तुम्ही कधी टिकमार्क केलेलं नसतं. नव्या विंडोज ११ मशीनवर तर मेमरी इंटिग्रिटी बहुधा पहिल्या दिवसापासून चालूच असते. आणि एकदा तो बसला की तुमची रोजची विंडोजसुद्धा त्याच्या वरच चालते, तिला व्हीटी-एक्स दिसत नाही. व्हर्च्युअल मशीन मात्र उघडतं, डेस्कटॉप येतो, माउस हलतो. फक्त सगळं जड झालेलं असतं.

टास्क मॅनेजर उघडून पाहावं तर परफॉर्मन्सच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ असं ठळक लिहिलेलं. ते खरं आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सोय चालू आहे. ती सोय सध्या कुणाच्या ताब्यात आहे, हे त्यातून कळत नाही. हायपर-व्ही चालू आहे पण विंडोज फीचर्समध्ये हायपरव्हायजर प्लॅटफॉर्मची टिक नाही, अशा मशीनवर याच्या उलट गोंधळ होतो: व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’ म्हणून थांबतो, माणूस बायोसमध्ये शिरतो, तिथे ते आधीच चालू असतं, आणि मग मदरबोर्डवर संशय घेतला जातो. आमच्याकडे अशा कारणावरून लोक बायोस अपडेट करायला निघालेले मी पाहिले आहेत.

या घोटाळ्याचं मूळ मोड ओळखण्याच्या पद्धतीत आहे. एखादा प्रोग्राम प्रोसेसरला सीपीयूआयडी सूचनेने फक्त ‘व्हीएमएक्स आहे का?’ (व्हीटी-एक्सचंच हे आतलं नाव) एवढंच विचारत असेल, तर हायपर-व्हीखाली त्याला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. तिथून ‘या मशीनमध्ये सोयच नाही’ असा निष्कर्ष काढणं हाच तो बग. खरं तर आधी पाहायला हवा तो सीपीयूआयडीच्या उत्तरांतल्या १ क्रमांकाच्या पानातला (लीफमधला) ईसीएक्स रजिस्टरचा बिट ३१. तो १ असेल तर खाली कुणीतरी हायपरव्हायजर आहे. मग ४००००००० या हेक्स लीफला विचारायचं, तू कोण? हायपर-व्ही तिथे ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ अशी ओळख देतो, लिनक्समधला केव्हीएम स्वतःची वेगळी देतो. इथे थांबलं तरी चूक राहतेच, कारण लॅपटॉपवरची मूळ विंडोज आणि हायपर-व्हीच्या आत चालणारी पाहुणी विंडोज, दोघींनाही तीच ओळख दिसते. हा फरक ४००००००३ या हेक्स लीफमधल्या हक्कांच्या बिटांवरून कळतो: नवी पार्टिशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची जागा, बनवण्याचा हक्क ज्याच्याकडे, तो मूळ मालक. एवढी साखळी पूर्ण केली तरच प्रोग्रामला खरं वाक्य लिहिता येतं: ‘तुमच्या मशीनमध्ये सोय आहे, पण ती आत्ता हायपर-व्हीकडे आहे.’ बायोसकडे बोट दाखवणाऱ्या संदेशाऐवजी हे एक वाक्य मिळालं असतं तर कितीतरी लोकांचे दिवस वाचले असते. तुमच्यापैकी कुणी असं सॉफ्टवेअर लिहीत असेल तर हे मनापासून मागणं समजा.

तोवर मोड आपणच ओळखायचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये खिडकीच्या खालच्या पट्टीत, उजवीकडे पाहा. हिरवं कासव असेल तर तुम्ही हायपर-व्हीच्या मार्फत आहात. त्यावर माउस नेला की एक्झिक्युशन इंजिनासमोर ‘नेटिव्ह एपीआय’ दिसतं. व्हीएमवेअरमध्ये लॉग फाइल उघडावी लागते. तिच्यात ‘मॉनिटर मोड’ शोधा: ‘यूएलएम’ असेल तर हायपर-व्ही, ‘सीपीएल०’ असेल तर थेट. विंडोजच्या बाजूने खात्री करायची तर सिस्टिम इन्फर्मेशनच्या पहिल्या पानावर अगदी शेवटी जा. हायपरव्हायजर आढळल्याची एकच ओळ दिसली तर तो बसलेला आहे. तिच्या जागी हायपर-व्हीला लागणाऱ्या सोयींच्या चार ओळी, प्रत्येकीपुढे हो किंवा नाही, अशा दिसल्या तर मैदान मोकळं आहे. या बाबतीत व्हर्च्युअलबॉक्स मला उजवा वाटतो. त्याचं कासव लहान आहे, पण डोळ्यांसमोर आहे.

आता हायपर-व्ही चालू ठेवण्याच्या बाजूने जे आहे ते सांगायलाच हवं, कारण ते थोडं नाही. मेमरी इंटिग्रिटी ही खरी सुरक्षा आहे. कर्नलमध्ये खोटा ड्रायव्हर घुसवणं ती अवघड करते. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ती बंद करायची परवानगी नसते, आणि कधी यूईएफआयमध्ये (नव्या प्रकारच्या बायोसमध्ये) तिला कुलूपही असतं. तिथे चर्चा संपते, आहे त्या मोडमध्ये काम करा. दांडिया बाजारात राहणारा माझा भाचा कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकतो. त्याने विचारलं, ‘मामा, मी काय करू?’ त्याचं सगळं काम डब्ल्यूएसएल आणि डॉकरवर, कधीमधी एखादी नवी लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्याला मी सांगितलं, काहीही बंद करू नकोस. नव्या लिनक्सला किंवा विंडोज १० ला कासवाच्या मोडमध्येही फारसा त्रास होत नाही, निदान मला तरी जाणवला नाही. प्लॅटफॉर्मची टिक तेवढी लाव आणि विसरून जा.

एक्सपीचं तसं नाही. ते अशा काळातलं आहे की बारीकसारीक कामासाठी सतत हार्डवेअरला हात लावतं: इंटरप्ट कंट्रोलर, टायमर, आयओ पोर्ट. असा प्रत्येक हात व्हर्च्युअल मशीनच्या बाहेर यावा लागतो. थेट मोडमध्ये तो लगेच निस्तरला जातो. हायपर-व्हीच्या मार्फत मात्र तो आधी हायपर-व्हीकडे, तिथून विंडोजमधल्या आपल्या प्रोग्रामकडे, आणि मग परत, असा फिरून येतो. एका फेरीला काही वाटत नाही. जुनी ओएस अशा फेऱ्या अखंड घालत असते.

हे कुठे बोचतं? सिरियल पोर्टवर. कंट्रोलरमधून प्रोग्राम वाचून घेताना सॉफ्टवेअर एक तुकडा मागतं, उत्तराची ठरावीक वेळ वाट पाहतं, मग पुढचा तुकडा. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, नऊ पिनांची केबल, वाघोडिया रोडच्या बाजूचं एखादं शेड, मागे काँप्रेसरचा आवाज. प्रगतीची पट्टी निम्म्यापुढे जाते, थांबते, आणि टाइमआउट. पुन्हा सुरू केलं तर दुसऱ्याच ठिकाणी थांबते. अशा वेळी माणूस केबल बदलतो, बॉड रेट (पोर्टचा वेग) तपासतो, कन्व्हर्टरचा ड्रायव्हर काढून टाकतो, कारण संशय घ्यायला या सगळ्या जागा योग्यच आहेत. शेठ दर पाच मिनिटांनी येऊन विचारतात, ‘केटली वार?’ (किती वेळ?) आणि स्क्रीनवर एक्सपीच्या पट्टीखाली ते हिरवं कासव असतं. तोच लॅपटॉप, तीच केबल, तोच कंट्रोलर, फक्त हायपर-व्ही बंद करून रीस्टार्ट केलं की प्रोग्राम एका दमात उतरतो. मी काही मोजमाप करून तक्ता बनवलेला नाही. पण हा फरक इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या मशीनांवर पाहिला आहे की मला आता शंका राहिलेली नाही. तुमच्याकडे कन्व्हर्टर वेगळा असेल, प्रोसेसर नवा असेल, कदाचित टाइमआउट येणारही नाहीत. नाही आले तर उत्तमच.

बंद करण्याच्या बाजूला जो मोठा आक्षेप आहे, सुरक्षा जाते आणि डॉकर-डब्ल्यूएसएल मरतात, त्यावर एक मधला रस्ता आहे. मी तोच वापरतो. बूट मेनूत विंडोजच्या दोन नोंदी ठेवायच्या: एक नेहमीची, एक हायपर-व्हीशिवायची. विंडोज एकच, फाइली त्याच, फक्त सुरू होताना निवड. अॅडमिन हक्कांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून बूटच्या नोंदी बदलणाऱ्या बीसीडीएडिट कमांडच्या ‘कॉपी’ने सध्याच्या नोंदीची नक्कल करायची आणि तिला ओळखू येईल असं नाव द्यायचं. उत्तरात एक लांबलचक आयडी मिळतो. त्या आयडीवर ‘हायपरव्हायजरलाँचटाइप’ हे ‘ऑफ’ ठेवायचं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. हे पॉवरशेलमधून करत असाल तर महिरपी कंसातला आयडी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर पॉवरशेल त्या कंसाचा वेगळाच अर्थ लावतं आणि चूक दाखवतं.

हे करण्याआधी बिटलॉकरकडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनकडे, लक्ष द्या. बूटच्या नोंदी बदलल्या की तो पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकतो. ती ४८ अंकी की हाताशी नसताना ग्राहकाच्या दारात लॅपटॉप अडकला तर कुठलाच मोड कामाचा नाही. की आधी कागदावर उतरवून घ्या, बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा, मग नोंद बनवा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. ‘मी कधी बिटलॉकर लावला नाही’ यावर विसंबू नका. हा सगळा उद्योग उत्तरायणासारख्या सुट्टीत करावा, जीआयडीसी बंद असते आणि कुणाचा फोन येत नाही.

नव्या नोंदीने चालू केल्यावर सिस्टिम इन्फर्मेशनमधली ती शेवटची जागा पुन्हा पाहाच. काही मशीनवर नोंद बदलूनही व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा चालूच राहते. तिथे मेमरी इंटिग्रिटी सेटिंगमधूनच बंद करावी लागते, आणि ती दोन्ही नोंदींसाठी बंद होते. एवढं द्यायची तयारी आहे का, हे ज्याने त्याने ठरवावं. त्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील तर मी नको म्हणेन. त्यापेक्षा कपाटातला जुना लॅपटॉप सर्व्हिससाठी वेगळा ठेवणं बरं.

उरला पहिला विचारलेला प्रश्न, व्हर्च्युअलबॉक्स की व्हीएमवेअर. हायपर-व्ही चालूच ठेवावा लागणार असेल तर एक्सपीसाठी मला व्हीएमवेअर जरा कमी अडखळणारा वाटला. २०२४ च्या नोव्हेंबरपासून वर्कस्टेशन प्रो धंद्याच्या वापरालाही फुकट आहे. थेट मोड मिळत असेल तर दोघांत मला कामापुरता फरक दिसत नाही, आणि मग मी व्हर्च्युअलबॉक्स घेतो, त्या खालच्या पट्टीतल्या चित्रासाठी. यूएसबीच्या वेगवान पोर्टसाठी पूर्वी लागणारा एक्स्टेंशन पॅकही आता त्या कामासाठी लागत नाही. धंद्याच्या वापराला तो फुकट नसल्याने धंद्याच्या मशीनवर न टाकलेलाच बरा.

बूट मेनूची वाट पाहण्याची वेळ मुळात ३० सेकंद असते. ती पाचवर आणा आणि डीफॉल्ट नेहमीचीच नोंद ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी लॅपटॉप सुरू करेल तेव्हा सुरक्षा चालूच असेल. सर्व्हिसला निघताना दुसरी निवडा, आणि केबल लावण्याआधी कासव गेलं आहे ना ते पाहून घ्या.