टेक सिक्स: नऊ महिने ऐकल्यावर (आणि एक वूफर गेल्यावर)

मार्चमध्ये जुन्या बाजारात टेक सिक्स या अमेरिकन गायकगटाची १९८८ची पहिली सीडी दीडशे रुपयांना मिळाली. दहा गाणी, वाद्य एकही नाही, सहा पुरुषांचे गळे. त्यानंतर त्यांचं जवळजवळ सगळं ऐकून झालं. पण आज लिहायला बसलो ते स्पीकरमुळे.

जुलैमध्ये माझ्या वीस वर्षं जुन्या स्पीकरच्या वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या भागाची, फोमची कड झडली. दुरुस्तीवाल्यानं एक हिंदी गाणं लावलं आणि म्हणाला, "वाजतोय की, काका." मी पिशवीतली सीडी काढून दिली. पाच जण गात होते. सहावा, सगळ्यात खालचे सूर गाणारा ॲल्विन चिया, कुठेतरी भिंतीपलीकडे असल्यासारखा पुसट घुमत होता. "हा माणूस ऐकू येत नाही," म्हटलं, तर त्याला ते पटेना. पहिल्यांदा कड तिरकी बसवली, आतला शंकू घासायला लागला, आणि सरळ करायचे पुन्हा पैसे मागितले. मी दिले नाहीत. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलेल्या नऊशे रुपयांतच काम झालं. मुलगी म्हणत होती नवे घ्या, पण कड बदलून चालणारी वस्तू टाकून द्यायची कशासाठी?

दुरुस्तीच्या त्या तीन आठवड्यांत मला हा गट खरा कळला. वरचे पाच जण इतके जवळचे सूर एकावर एक रचतात की आपल्या कानाला ते आधी टोचतात. खाली आधारसूर ठाम असला की तेच सूर उजळतात. वूफर गेल्यावर तीच गाणी मला बेसूर वाटू लागली होती. ॲल्विन नुसता सूर धरून बसत नाही. जॅझमध्ये उभ्या डबल बासची तार छेडत वादक पावलं टाकल्यासारखा वरखाली जातो, तसा तो गळ्यानं जातो: प्रत्येक सुराला आधी ठोका, मग गोलाई, आणि पुढचा येण्याआधी सोडून देणं. मी चर्चच्या क्वायरमध्ये बावीस वर्षं बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गातोय. आमच्याकडे बेस म्हणजे मागच्या रांगेतले तिघे, ज्यांच्यासाठी सरावात कधी वेळ उरत नाही. म्हणून मला हे इतकं लागतं.

गटाची सुरुवात १९८०मधली, अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या ओकवुड कॉलेजात. कॉलेज सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, आपल्या पुण्यात औंधचं स्पायसर विद्यापीठ ज्या पंथाचं आहे त्याच. क्लॉड मॅकनाइटची चौकडी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये सराव करत होती. मार्क किबलनं तो ऐकला आणि आत शिरून पाचवा सूर जोडला. पुढे मर्विन वॉरन आला, नाव 'अलायन्स' ठरलं. १९८७मध्ये रीप्राइज कंपनीशी करार झाला तेव्हा कळलं की ते नाव आधीच कुणाचंतरी आहे, म्हणून टेक सिक्स. पहिल्याच अल्बमला दोन ग्रॅमी, एक गॉस्पेलचं, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताचं, आणि एक जॅझचं. आतापर्यंत एकूण दहा. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली भक्तिगीतं जॅझच्या सुरावटीत बसवायची, आणि भक्ती जराही पातळ होऊ द्यायची नाही. हे त्या वेळी किती धाडसाचं होतं, ते चर्चमध्ये गाणाऱ्याला लगेच समजेल.

१९९१मध्ये वॉरन गट सोडून गेला, मार्कचा धाकटा भाऊ जोई आला. मग १९९४चा 'जॉइन द बँड'. यात वाद्यं आहेत, रे चार्ल्स, स्टीव्ही वंडर, क्वीन लतीफा आहेत. मे महिन्यात मी याला मनातल्या मनात पाचपैकी एक गुण दिला होता. ॲल्विन असताना वाद्यातल्या बासची गरज काय? माझ्या लेखी ती शुद्ध उधळपट्टी होती.

ते मत आता बदलतोय, थोडंसं. वूफर दुरुस्त झाल्यावर तोच अल्बम सलग चार रात्री ऐकला. रे चार्ल्सच्या गाण्यात हे सहा जण मागे राहून त्याला जागा देतात, आणि तो संयम मला आधी ऐकूच आला नव्हता. तीन गुण. त्याहून जास्त नाही, कारण ॲल्विनला अजूनही शोधावं लागतं. १९९८चा 'सो कूल' लावला की तो पुन्हा समोर येऊन उभा राहतो. २००६चा 'फील्स गुड' त्यांनी स्वतःच्या कंपनीतर्फे काढला, तोही जपून ठेवण्यासारखा.

२०११मध्ये गटातला सेड्रिक डेंट शिकवण्यासाठी बाहेर पडला, ख्रिश्चन डेंटली आला. एवढ्या दाट रचनेत एक गळा बदलला की सगळ्यांनाच आपला सूर नव्यानं बसवावा लागत असेल. तरी २०१८च्या 'आयकॉनिक'मध्ये सांधा दिसत नाही.

घ्यायचं असेल तर पहिला अल्बम घ्या, आणि कृपया मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. सहावा माणूस त्यात मावत नाही.

गेल्या रविवारी क्वायरमधले दोघे बेसवाले घरी आले होते. जेवण राहिलं बाजूला, सीडी दोनदा झाली. या नाताळात एक मराठी गीत हार्मोनियमशिवाय गायचं ठरवलंय. सराव बुधवारी, आणि पहिला अर्धा तास फक्त बेसचा.