खजुराचा कंटेनर आणि वाशीचा सीएचए: साडेतीन स्टार

पुरवठादाराला आगाऊ रक्कम जायच्या आत जो सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणारा एजंट) डब्याच्या लेबलचा फोटो मागतो, तो कामाचा. वाशी स्टेशनजवळची ही छोटी एजन्सी (खाली बिलाची तक्रार आहे, म्हणून नाव देत नाही) मसाला मार्केटच्या व्यापाऱ्यांचा सुकामेवा न्हावा शेवाहून सोडवते, आणि सुरुवात फोटोपासूनच करते.

एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१७ च्या आयात नियमांत लेबलवरच्या मोजक्याच चुका माल इथे उतरल्यावर सुधारता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो नि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण वगैरे. तेही कस्टम्सच्या ताब्यातल्या बाँडेड गोदामातच, सहज न निघणारं एकच स्टिकर लावून. बॅच नंबर किंवा उत्पादनाची तारीखच छापलेली नसेल तर स्टिकरचा उपयोग नाही. लॅबसाठी नमुनाही न काढता माल नापास. आणि स्टिकर नुसतं बाहेरच्या खोक्यावर लावून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या डब्यावर हवं. अर्ध्या किलोच्या डब्यांत २५ टन खजूर म्हणजे ५०,००० स्टिकर! मजुरी वेगळी, तोवर सीएफएसचं (बंदराजवळचं कंटेनर ठेवायचं गोदाम) भाडं चढतच असतं. ही मंडळी तो मजकूर मूळ छपाईतच घालून घ्यायला लावतात.

मुदतीबद्दल मार्केटात एक गैरसमज पक्का बसलाय, की ६० टक्के शेल्फ लाइफ शिल्लक हवीच. नियम आहे ६० टक्के किंवा एक्स्पायरीआधी ३ महिने, यांतलं जे कमी असेल ते. दोन वर्षं टिकणाऱ्या खजुराला ३ महिने पुरतात. चार महिनेच टिकणाऱ्या मालाला ७२ दिवस लागतात. हिशेब क्लिअरन्सच्या वेळचा, जहाज निघालं तेव्हाचा नव्हे. हे इथे न विचारता सांगतात.

प्लँट क्वारंटाइनचं (मालातून कीड-रोग येऊ नये म्हणून होणारी सरकारी तपासणी) काम वेगळं. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरचं (माल कीडमुक्त असल्याचा निर्यातदार देशाचा दाखला) मालाचं वर्णन इनव्हॉइसशी जुळतं का, लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का आहे का, हे स्कॅन आल्या दिवशीच बघतात. एफएसएसएआय आणि प्लँट क्वारंटाइन, दोन्हीकडची एनओसी आल्याशिवाय आउट ऑफ चार्ज (माल बाहेर न्यायची कस्टम्सची परवानगी) नाही.

बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं घोषणापत्र) जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. यात मात्र यांचा हात धरणारा कोणी नाही.

नमुना निघाला की ढिलाई सुरू होते. लॅबला अहवालासाठी ५ दिवस असतात, ते नमुना लॅबला पोचल्यापासून. एजन्सी नमुना काढल्यापासून मोजून तारीख देते, मग ट्रक आधीच येऊन उभा राहतो. बिलात 'किरकोळ खर्च' म्हणून एक आकडा असतो, त्याला पावती नाही. सीएफएसचं भाडं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) आणि स्टिकरची मजुरी मूळ पावत्यांसह वेगवेगळी लावायला सांगा, तेही काम देतानाच, मेलवर. मागितल्या तर पावत्या देतात. आपणहून कधीच नाही.