आमवात झालाय आणि टेन्शन कमी करायचंय : काउन्सेलर, ध्यान, इगतपुरी की वही?

परवा रात्री अकराला मावसबहिणीचा फोन. "ताई, डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा, पण कसं ते सांगितलंच नाही गं." तिला दोन महिन्यांपूर्वी आमवात निघाला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आम्ही पेशंट मंडळी त्याला नुसतं आरए म्हणतो. दीर म्हणतायत काउन्सेलरकडे जा, सासूबाई म्हणतायत इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून ये सगळं बरं होतं, ऑफिसातल्या मैत्रिणीने आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस, म्हणजे ध्यानाच्या, कोर्सची लिंक पाठवलीये आणि नवरा उठता बसता पॉझिटिव्ह राहा म्हणतोय. ती बिचारी मेथोट्रेक्सेटने, म्हणजे आरएच्या गोळीने, होणारी मळमळ सांभाळू की यांचे सल्ले.

मला आरए होऊन नऊ वर्षं झाली. यातलं बरंचसं करून पाहिलंय, आणि पैसे घालवायच्या आधी वाचायची सवय असल्याने यावरचं संशोधनही थोडंफार चाळलंय, म्हणून तिला जे फोनवर सांगितलं तेच इथे नीट मांडते. एक आधीच सांगून टाकते, खालचं काहीही केलं तरी आरएच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, हे त्यांच्याऐवजी नाही तर त्यांच्यासोबत करायचंय. मला पहिल्या वर्षी कोणीतरी ध्यानाने गोळ्या सुटतील असं पटवलं होतं, मी तीन महिने गोळ्या बंद ठेवल्या आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं अजून सरळ होत नाहीत.

आधी त्या 'पॉझिटिव्ह राहा'चं बघू. आजाराशी लढणारी वृत्ती असली की माणूस जास्त जगतो असं खूप वर्षं मानलं जायचं. मग 1999 मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला, सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या 578 बायका, किमान 5 वर्षं पाठपुरावा. लढाऊ वृत्तीने जगण्यात काही फरक पडलेला दिसला नाही, पण ज्या पार हतबल झाल्या होत्या, आता काहीच होणार नाही असं ज्यांनी धरलं होतं, त्यांचं मात्र वाईट झालेलं दिसलं. कॅन्सर वेगळा नि आरए वेगळा हे मान्य, पण मी त्यातून एवढं घेतलं की हसरा चेहरा ठेवायची सक्ती कोणावर नको, हात टेकायची वेळ येऊ नये एवढं पाहिलं तरी पुष्कळ. नवऱ्याला हे वाचायला दे म्हटलं तिला.

आता खरी तुलना. मुख्य पर्याय दोनच, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी तपासून बदलायची पद्धत) आणि माइंडफुलनेस, बाकीचे मी पटकन उरकणार आहे.

सीबीटी म्हणजे काउन्सेलरसमोर बसून रडणं नव्हे, मलाही आधी तसंच वाटायचं. अमेरिकेत ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात डिप्रेशनसाठी ती बसवली आणि पुढे दुखण्याच्या पेशंटसाठी वापरायला लागले. माझ्या डोक्यात रोज सकाळी काय चालायचं बघा, मूठ वळत नाही, म्हणजे आजचा दिवस गेला, म्हणजे उद्याही जाणार, म्हणजे नोकरी जाणार, म्हणजे पाच वर्षांनी मला कोणीतरी जेवण भरवतंय, हे सगळं दात घासून व्हायच्या आत. काउन्सेलरने हीच साखळी कागदावर लिहायला लावली आणि एकेका कडीपुढे पुरावा काय ते विचारलं. सकाळी आखडलेली बोटं साडेदहापर्यंत सुटतात, हे माझ्याच वहीत सलग चौदा दिवस लिहिलेलं होतं आणि तरी मला ते माहीत नव्हतं!

दुसरा भाग कामाचा, पेसिंग म्हणतात त्याला. बरं वाटलं की सगळं उरकून टाकायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं हा आपला बायकांचा खाक्या, दिवाळीत मी दोन किलोच्या चकल्या एका बैठकीत पाडल्या होत्या आणि भाऊबीजेला मला ताटही धरता येईना. आता घड्याळ लावते, वीस मिनिटं सोऱ्या, दहा मिनिटं हात गरम पाण्यात, दुखायला लागायच्या आधी थांबायचं. थांबायला शिकणं हे मला तरी विचार बदलण्यापेक्षा अवघड गेलं, कारण सगळे बघत असतात ना.

आपल्याकडे बरेच जण सीबीटीऐवजी तिची मोठी बहीण म्हणावी अशी आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) करतात, अल्बर्ट एलिस यांची, 1955 ची. मराठी लोकांना ती परकी नाही, कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली, विवेकनिष्ठ उपचारपद्धती हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तिचा रोख 'असं व्हायलाच नको होतं' या हट्टावर असतो. मला आवडलेली गोष्ट म्हणजे एलिस यांना स्वतःला चाळिशीत डायबेटिस निघाला होता, म्हणजे हे सगळं निरोगी माणसाने खुर्चीत बसून सुचवलेलं नाही.

माइंडफुलनेसचा मार्ग उलटा. इथे विचाराशी वाद घालायचा नाही, तो आला, गेला, बघत बसायचं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल सेंटरमध्ये हा कोर्स सुरू केला तो मुळात अशाच पेशंटसाठी, ज्यांचं दुखणं औषधांनी हटत नव्हतं. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक अख्खा दिवस, आणि घरी रोज पाऊण तास सराव. तो पाऊण तास नीट वाचा, सगळी गोम तिथे आहे. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, दुखऱ्या मनगटापाशी आलं की पळून न जाता तिथेच थांबायचं. पहिले पंधरा दिवस मला दुखणं जास्तच जाणवलं, तिसऱ्या आठवड्यात मी घोरले असं मुलगी म्हणते, पाचव्या आठवड्यात कधीतरी कळलं की मनगटात दुखतंय ते एक, आणि त्याच्यावर मी जी कॉमेंट्री करतेय ती वेगळी. कॉमेंट्री थांबली की उरलेलं दुखणं सोसण्याइतकं असतं. नेहमी नाही, पण असतं.

मग सरस कोण? अमेरिकेत सिॲटलच्या भागात पाठीचं जुनं दुखणं असलेल्या 342 लोकांवर अभ्यास झाला, 2016 मध्ये छापून आला. काहींना माइंडफुलनेस, काहींना सीबीटी, काहींची नेहमीची ट्रीटमेंटच चालू ठेवली. 26 आठवड्यांनी रोजच्या हालचालीत चांगली सुधारणा माइंडफुलनेसवाल्या 60.5 टक्के लोकांत, सीबीटीवाल्या 57.7 टक्के आणि नुसत्या नेहमीच्या ट्रीटमेंटवर 44.1 टक्के. म्हणजे दोघं जवळजवळ बरोबरीत, आणि यातलं काहीच न करताही शंभरातले चाळीसच्या वर लोक सुधारतात, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटला, या दोन्ही गटांतल्या जेमतेम 54 टक्के लोकांनी आठपैकी सहा किंवा जास्त वर्गांना हजेरी लावली. तेव्हा कुठली पद्धत श्रेष्ठ यापेक्षा आपण कुठल्या वर्गाला खरंच जाणार आहोत हा प्रश्न मोठा.

पण हे पाठीचं झालं, आरएचं काय. 2008 मध्ये ॲरिझोनामधल्या संशोधकांनी 144 आरए पेशंटमध्ये सीबीटी, माइंडफुलनेस आणि नुसती आजाराची माहिती देणारे वर्ग अशी तिहेरी तुलना केली होती, आणि मावसबहिणीसाठी मला हीच सगळ्यात कामाची वाटते. दुखणं माझ्या ताब्यात आहे ही भावना सीबीटीवाल्यांत सगळ्यात जास्त वाढली, सूज दाखवणारा रक्तातला एक घटकही त्यांच्यात कमी झाला. मात्र ज्यांना पूर्वी परत परत डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांना माइंडफुलनेस जास्त लागू पडलं, मूडही सुधारला आणि दाबल्यावर दुखणारे सांधेही कमी झाले. म्हणजे निवडताना आरए किती वाईट आहे हे नाही तर आधीचा मनाचा इतिहास काय आहे हे बघायचं, आणि हे आपल्याला सहसा कोणी विचारतच नाही.

पैशांचं म्हणाल तर मी सीबीटीला सेशनमागे बाराशे देत होते, दहा सेशन केली. माइंडफुलनेसचा कोर्स एकदम पैसे भरून होता, एकूण हिशोब थोडा स्वस्त पडला, पण गटात होता आणि गटात माझा प्रश्न सुटेपर्यंत वेळ संपायची. काउन्सेलर एकदा मध्येच बदलावी लागली, पहिल्या बाई प्रत्येक गोष्टीचं मूळ माझ्या आईत शोधत होत्या आणि माझं म्हणणं होतं की मला कुकरचं झाकण उघडत नाहीये. असं झालं तर तीन सेशनच्या पुढे थांबू नका.

इगतपुरी. सासूबाईंबद्दल आदर ठेवून सांगते, विपश्यना आणि माइंडफुलनेसचा कोर्स एक नव्हे. कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानातून बरंच घेतलंय हे खरं, पण तो कोर्स पेशंटसाठी बसवलाय आणि धम्मगिरीचं, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं, शिबिर साधकांसाठी आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाला साधारण दहा तास बसणं, फी नाही, शेवटी यथाशक्ती दान. तयारीने जाणाऱ्या माणसाला सुंदर अनुभव आहे, मी स्वतः चौथ्या वर्षी जाऊन आले, खुर्ची मागितली तर मिळते. पण संध्याकाळी जेवण नसतं, नवख्यांना चहा आणि फळं एवढंच, त्यामुळे रात्री जेवून घ्यायच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नका, आणि फॉर्मात आजार लपवू नका. निदान होऊन दोन महिने झालेत, सांधे सुजलेले आहेत, गोळ्यांचा डोस अजून बसतोय, अशा वेळी तर मुळीच नको असं माझं मत.

वही सगळ्यात स्वस्त. 1999 मध्येच दमा आणि आरएच्या पेशंटना तीन दिवस रोज वीस मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक घटनेबद्दल लिहायला लावलं होतं, चार महिन्यांनी आरएवाल्यांचा आजार डॉक्टरांच्या तपासणीत कमी निघाला. ऐकायला जादू वाटते, पण पुढे 146 अभ्यास एकत्र केले तेव्हा परिणाम आहे पण छोटासा आहे असं दिसलं. तरी वीस रुपयांच्या वहीला छोटा परिणाम चालतो की. फक्त रोज तेच तेच लिहीत बसू नका, ते लिहिणं नाही, उगाळणं.

ग्रुपबद्दल थोडक्यात. स्टॅनफर्डमध्ये केट लॉरिग यांनी पेशंटनीच पेशंटना शिकवायचा कार्यक्रम चालवला, त्यावरच्या 952 जणांच्या अभ्यासात ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तसा ग्रुप मिळाला तर नक्की जा. व्हॉट्सॲपवरच्या 'अमुक काढा घ्या, मेथोट्रेक्सेट फेकून द्या' ग्रुपला मी हे नाव देत नाही, तो म्यूट करा.

आणि झोप उडालीये, रोज रडू येतंय, जगून काय करू असं मनात येतंय, तर यातलं काही निवडत बसू नका, सरळ सायकिॲट्रिस्टकडे जा, नाहीतर 14416 ला फोन करा, सरकारची टेलिमानस आहे, मराठीत बोलता येतं.

मावसबहिणीला मी सीबीटी सांगितली. तिला आधी कधी डिप्रेशन नव्हतं, तिची अडचण सकाळी साखळी सुरू होते ती आहे, आणि दोन लहान पोरं असताना रोज पाऊण तास शांत बसेल असं मला तिच्याकडे बघून वाटत नाही, शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तासभर मात्र जमेल. सेशन मिळेपर्यंत तीन रात्री वही. माइंडफुलनेस पुढच्या वर्षी, पोरं थोडी मोठी झाली की. ती म्हणाली, "आणि सासूबाईंना काय सांगू?" मी म्हटलं त्यांनाच आधी जाऊन यायला सांग. काल मेसेज आला, सासूबाईंनी फॉर्म भरलाय.