विस्कॉन्सिनच्या थंडीत शिकारीला आर्मी सरप्लसची लोकरी पॅन्ट: घ्यावी का?

थोडक्यात सांगायचं तर घ्या, आणि भारीतल्या कोटाचा नाद तूर्तास सोडा.

इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गन डिअर सीझन, म्हणजे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो (घरी फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न "पोलीस धरत नाहीत का रे?", नाही धरत, रीतसर लायसन्स असतं). पहाटे अंधारात झाडावरच्या स्टँडवर चढायचं आणि मग हलायचंच नाही. चालताना थंडी वाजत नाही हो, बसल्यावर वाजते, आणि ती मांड्यांपासून सुरू होते. लोक मात्र सगळं बजेट कोटात घालतात आणि खाली जीन्स. जीन्स म्हणजे कॉटन, एकदा ओलं झालं की दिवस गेला.

मी घेतली ती स्वीडिश आर्मीची जुनी राखाडी पॅन्ट, सरप्लसच्या (म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या मालाच्या) दुकानातून, नव्या ब्रँडेड हंटिंग पॅन्टच्या तुलनेत किरकोळ पैशात. कापड जाड, आपल्या धनगरी घोंगडीच्या जातीचं, अंगाला टोचतं पण आत मऊ मेरिनो लोकरीची पातळ लेयर असली की प्रश्न नाही. बर्फावर बसून उठलो तरी वरचा बर्फ झटकला की झालं. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे घाम आला तरी गारठा लगेच चढत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आवाज नाही! नायलॉनच्या पॅन्टमध्ये गुडघा हलवला की जी सळसळ होते ती हरणाला बरोब्बर कळते.

आता कोट का नको, तर फिल्सन कंपनीचा मॅकिनॉ क्रूझर कोट मस्तच आहे, शंभर टक्के लोकर, पिढ्यान् पिढ्या टिकतो, पण चारशे डॉलरच्या वर मोजायचे आणि त्यावर परत केशरी व्हेस्ट चढवायचं, कारण इथल्या नियमाने कमरेच्या वरचे निम्मे बाहेरचे कपडे झगझगीत केशरी नाहीतर गुलाबी लागतात. ते लाल-काळ्या चौकड्यांचे कोट जुन्या फोटोत भारी दिसतात, नियमात बसत नाहीत. टोपीलाही तोच निम्म्याचा नियम. स्टॉर्मी क्रोमर ब्रँडची कान झाकणारी लोकरी टोपी केशरीत मिळते, इथेच शेजारी मिशिगनच्या आयर्नवुडला बनते, ती डोळे झाकून घ्या. व्हेस्ट मात्र मऊ कापडाचं बघा, प्लॅस्टिकसारखं घेतलंत तर लोकरीचा सगळा फायदा तिथेच संपला.

लोकरीतून वारा आरपार जातो, हे कुठला सेल्समन सांगत नाही. बाहेरून जॅकेट घातलं की परत तीच सळसळ, म्हणून मी वारा अडवणारं पातळ जाकीट लोकरी शर्टच्या आत घालतो, आवाज आतच राहतो.

लेबल वाचूनच घ्या. पंधरा-वीस टक्के नायलॉन असेल तर चालेल, कापड टिकतं, पण निम्म्याच्या वर अ‍ॅक्रिलिक असलेलं "वूल ब्लेंड" ठेवून द्या तिथेच. साइझ एक नंबर मोठा, आत लेयर बसली पाहिजे आणि पाय उचलून शिडी चढता आली पाहिजे. सरप्लसच्या मालाला डांबरगोळ्यांचा वास असतो, हरणाचं नाक लय तिखट, तर बिनवासाच्या साबणाने गार पाण्यात धुवा, पिळू नका, आडवी पसरून वाळवा. ड्रायरला टाकलीत तर पोराला होईल.

तोटे म्हणजे वजन, आणि झुडपातून गेलं की कुसळं इतकी चिकटतात की संध्याकाळ त्यातच जाते. पट्टा नको, सस्पेंडर (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावा, जड पॅन्ट खाली घसरते. आणि हो, झिप नाहीये, बटणं आहेत. उणे दहात, झाडावर, ग्लोव्ह्ज काढून एकेक बटण उघडायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा, सकाळचा चहा बेतानं घ्या.