ग्रँट प्रपोजल लिहून देणारी सर्व्हिस, 5 पैकी 3 तेही बजेटसाठी
आयसीएमआरला (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ऑटिझमवरचं प्रपोजल टाकायचं होतं म्हणून पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे गेले, नाव नाही घेत. बजेट मात्र एक नंबर, जेआरएफचा (ज्युनिअर रिसर्च फेलो) पगार, एचआरए, ओव्हरहेड सगळं एक्सेलमध्ये चोख. पण मेन भागात घोळ! आमची आयडिया अशी की आजी बाळाला भरवत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि दीड वर्षाचं असतानाच लक्षणं टिपायची, तर ह्यांनी चाचणी म्हणून आयसा (ISAA, ऑटिझम किती आहे ते मोजायची भारतीय चाचणी) घुसवली, अहो ती 40 मुद्द्यांची, दिव्यांग सर्टिफिकेटची टक्केवारी काढायला वापरतात, एवढ्याशा पोराला कशी लावणार? वर पालकांचं संमतीपत्र इंग्रजीत. एथिक्स कमिटीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मीच मराठीत टाइप करत बसलेले.