वर्षभर वापरलेले ठोकळे, डबे आणि पाण्याचा टब

मुलगी वर्षाची झाली तेव्हा ठरवलं होतं की खेळणी मोजकीच ठेवायची. लाकडी ठोकळ्यांचा एक संच, झाकणाचे दोन-तीन डबे, पाण्यासाठी उथळ टब, कापडाचे तुकडे आणि जाड खडू. आता ती सव्वादोन वर्षांची आहे. यातलं काहीही अडगळीत गेलेलं नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

सुरुवातीचे काही महिने डब्याचंच राज्य होतं. वर्षाच्या आसपास मुलांना हातातली वस्तू ठरवून सोडायला जमू लागतं, आणि डब्यात काहीतरी टाकणं हा त्याचा उत्तम सराव. पण भरण्याआधी येतं रिकामं करणं! डबा उपडा, सगळं जमिनीवर, पुन्हा तेच. मोठ्यांना हा पसारा वाटतो. मूल मात्र त्यातून आत-बाहेर, भरलेलं-रिकामं शिकत असतं. झाकण लावलं की वस्तू दिसत नाही, तरी ती आत आहेच, ही समजही इथेच पक्की होते. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या मुलांमध्ये हीच समज कशी घडते याचा बारकाईने अभ्यास केला होता. कापडाखाली ठोकळा लपवून ‘कुठे गेला?’ विचारलं की ती अजूनही तितक्याच आनंदाने कापड ओढते.

ठोकळ्यांना माझे पूर्ण गुण. आमचा संच एककी मापाचा आहे, म्हणजे दोन छोटे मिळून एक मोठा, दोन मोठे मिळून त्याहून लांब. ही मापं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी रूढ केली. आधी ती फक्त मी रचलेला मनोरा पाडायची. दीड वर्षाच्या सुमारास तीन-चार ठोकळे स्वतः एकावर एक ठेवू लागली, आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास सहा. मग एक दिवस उभं रचणं सोडून तिने आडवी रांग लावली आणि ‘गाडी’ म्हणाली. ठोकळा म्हणजे गाडी, ही कल्पना तिची तिने केली होती. माझ्या दृष्टीने संपूर्ण वर्षातला हा सर्वांत मोठा क्षण. भेट आलेलं बटणाचं खेळणं दिवे लावतं, गाणं म्हणतं, पण ते दुसरं काही होऊ शकत नाही. दोन दिवसांत तिचा त्यातला रस संपला.

खेळताना मी बोलत राहते, पण परीक्षा घेत नाही. ‘हा कोणता रंग?’ असं सारखं विचारलं की ती उठून जाते. ‘वर ठेवलास’, ‘अजून एक’, ‘पडला!’ असं तिच्या हातातल्या गोष्टीवर बोललं की तेच शब्द काही दिवसांत तिच्या तोंडून येतात. तिने काही म्हटलं की थांबून उत्तर द्यायचं, मग ती पुन्हा बोलते. खेळण्याच्या निवडीपेक्षाही या देवाणघेवाणीवर माझा जास्त विश्वास बसलाय.

पाण्याचा खेळ तिला सर्वांत जास्त वेळ गुंतवतो. एका पेल्यातून दुसऱ्यात ओतताना मनगट वळवावं लागतं, डोळा-हात यांचा मेळ बसतो. पण काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. त्यामुळे फोन बाजूला ठेवून शेजारीच बसायचं आणि खेळ संपला की लगेच टब रिकामा करायचा. खडूंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेघोट्या मारते, भिंत पुसावी लागते.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. एका खेळात सलग दहा मिनिटंही पुष्कळ झाली. खेळायला दुसरं मूल आलं तर दोघं शेजारी बसून आपापलं खेळतात, ठोकळे वाटून घेत नाहीत. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये अशा समांतर खेळाचं वर्णन केलं होतं. त्यामुळे ‘दे ना त्याला’ म्हणून मागे लागणं मी टाळते.

घेताना तुकड्यांचा आकार नक्की तपासा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी सुमारे 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्याने होते. त्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. ओवायचे मणी मी म्हणूनच अजून बाहेर काढलेले नाहीत.